येताना कोण येत होतं?
मराठी वर्तमान धातुसाधितांच्या अर्थाचा आणि विकारांचा आढावा

‘विट्याहून येताना मामाला पाहिलं.’ सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर कानावर पडावं असं हे वाक्य. पण विट्याहून येत कोण होतं, बोलणारा की मामा? ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा संदर्भावरून कळतं. नाही कळलं तर तो विचारतो, ‘कोण, तू का मामा?’ वाक्य स्वतःहून काही सांगत नाही.

लॅटिनमध्ये हा प्रश्न विचारायची वेळ आली नसती. बोलणारा येत असेल तर ‘वेनिएन्स अवुन्कुलुम विदी’, मामा येत असेल तर ‘अवुन्कुलुम वेनिएन्तेम विदी’. ‘येत असलेला’ या अर्थाचा शब्द एकदा प्रथमेत आहे, एकदा द्वितीयेत. ज्याच्याबद्दल तो बोलतो त्याची विभक्ती तो घेतो, म्हणून शब्द वाक्यात कुठेही टाकले तरी अर्थ हलत नाही. (रोमनांकडेही आपल्यासारखेच मामाला आणि काकाला वेगळे शब्द होते. ‘अवुन्कुलुस’ हा आईचाच भाऊ.)

मराठीच्या पूर्वजांकडेही ही सोय होती. ती कशी गेली, तिच्या जागी काय आलं, आणि आज उरलेल्या करत, करता, करताना, करणारा या रूपांना काय म्हणायचं, यावर दोनशे वर्षांत बरंच लिहिलं गेलं आहे. त्यातलं काय पक्कं झालं आणि काय लोंबकळत राहिलं, ते इथे मांडतो. उदाहरणं शक्यतो सातारा-सांगलीच्या बोलण्यातली घेतली आहेत. या बोलीत या रूपांच्या काही जुन्या खुणा प्रमाण मराठीपेक्षा ठळक दिसतात.

लॅटिनचा नमुना

लॅटिन वर्तमान धातुसाधिताचं अंग ‘-न्त्’ असं असतं. प्रथमा एकवचनात तिन्ही लिंगांना एकच रूप, ‘अमान्स’. पुढे षष्ठीत ‘अमान्तिस’, द्वितीयेत ‘अमान्तेम’ असं ते चालतं. अर्थ ‘प्रेम करत असलेला’. नावात वर्तमान असलं तरी काळ आजचा नसतो. मुख्य क्रिया घडते त्याच वेळी दुसरी चालू आहे, एवढंच ते सांगतं.

इथे आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ त्याच्या विकारावरून थोडा सरकतो. क्रिया म्हणून वापरला तर पंचमी ‘-ए’ने होते, नुसतं विशेषण म्हणून वापरला तर ‘-ई’ने. ‘देश’ हा शब्द द्वितीयेत जोडला तर ‘अमान्स पात्रिअम’, म्हणजे त्या घटकेला देशावर प्रेम करत असलेला. षष्ठीत जोडला तर ‘अमान्स पात्रिए’, म्हणजे स्वभावानेच देशप्रेमी. एक क्रिया, दुसरा स्वभाव. मराठीतही ही फट आहे, फक्त ती दुसऱ्या जागी पडली आहे.

लॅटिनची एक उणीवही सांगायला हवी. ‘असणे’ या क्रियापदाला तिथे स्वतःचं वर्तमान धातुसाधित चालत नाही. ‘सिसेरो कॉन्सल असताना’ असं म्हणायचं तर रोमन माणूस ‘सिसेरो’ आणि ‘कॉन्सल’ हे दोनच शब्द पंचमीत ठेवून मोकळा होतो. आपल्याला ‘असताना’शिवाय चालत नाही. ‘यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९६० साली, दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव सांगली झालं’ या वाक्यातून ‘असताना’ काढून पाहा.

‘असणे’चं ते हरवलेलं लॅटिन रूप जोडशब्दांत मात्र टिकलं: ‘प्राएसेन्स’ आणि ‘आब्सेन्स’. म्हणजे कराड असो की तासगाव, शाळेत हजेरीला रोज सकाळी ‘प्रेझेंट सर’ म्हणणारं पोर लॅटिन वर्तमान धातुसाधितच उच्चारत असतं. स्टुडंट, एजंट, पेशंट, सुपरिंटेंडंट ही सगळी त्याच कुळातली. आणखी एक गंमत: ‘प्रेझेंट’च्या पोटातला ‘सेंट’ आणि आपला ‘संत’ मुळात एकच. संस्कृत ‘अस्’ धातूचं ‘सत्, सन्तः’ तेच हे रूप. इंग्रजी ‘सेंट’शी, म्हणजे साधुपुरुषाशी, त्याचा काही संबंध नाही, ते साम्य निव्वळ योगायोगाचं.

संस्कृतातून मराठीत

संस्कृतात दोन प्रत्यय, शतृ आणि शानच्. गच्छन्, गच्छन्तम्, गच्छता हे शतृचं चालणं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेसारख्या ठिकाणी ही रूपं घोकून घेतली जात. लॅटिन ‘फेरेन्तेम’ आणि संस्कृत ‘भरन्तम्’ शेजारी ठेवले की नातं सांगावं लागत नाही. शानच्ची ‘मान’वाली रूपं मराठीत तयार शब्द म्हणूनच आली: विद्यमान, आणि खुद्द ‘वर्तमान’. ज्या काळाचं नाव घेऊन आपण हा विषय शिकतो ते नावच एक वर्तमान धातुसाधित आहे.

अर्थाबद्दल पाणिनीने महत्त्वाचं सांगून ठेवलं आहे. हे प्रत्यय क्रियेचं लक्षण किंवा हेतू दाखवायलाही येतात, असं त्याचं एक सूत्र आहे. लक्षणासाठी काशिकावृत्ती यवनांचं उदाहरण देते, ते लोक आडवे पडून जेवतात म्हणून. म्हणजे ‘त्याच वेळी’ हा एकच अर्थ नाही. ‘कशा रीतीने’ आणि ‘कशासाठी’ हेही त्यात बसतात. हे पुढे ‘-त’ रूपाशी येऊन भिडतं.

प्राकृतात शतृचा ‘न्त’ झाला. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात तो नोंदलेला आहे. मराठीत ‘न्त’मधला नकार विरला आणि ‘त’ उरला. ‘जिवंत’ आणि ‘ज्वलंत’ या शब्दांत नकार अजून ऐकू येतो. ‘जळता निखारा’ आणि ‘ज्वलंत प्रश्न’ एकाच धातूचे, पहिला घरात वाढलेला, दुसरा पोथीतून आलेला.

मग या ‘त’ने एक मोठं काम केलं. संस्कृतातला वर्तमानकाळ, ‘करोति’च्या घराण्यातला, मराठीत वेगळ्याच अर्थाकडे सरकला, आणि ‘करतो, करते, करतं’ हा नवा वर्तमानकाळ या धातुसाधितातून उभा राहिला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७च्या विल्सन व्याख्यानांत आणि पुढे ज्यूल ब्लॉकने मराठीच्या घडणीवरच्या आपल्या ग्रंथात ही वाट दाखवली. आता तिच्यावर वाद उरलेला नाही. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असा क्रियापदात लिंगभेद का, याचं उत्तर यातच आहे: हे क्रियापद एके काळी विशेषण होतं.

व्याकरणकारांच्या चौकटी

लॅटिनची चौकट आपल्या मुलखात पहिल्यांदा आली ती गोव्यातून. थॉमस स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण १६४० साली रायतूरला छापलं गेलं. ते पोर्तुगीजमध्ये आहे, पण साचा लॅटिन पाठशाळेचा. मराठीचं एक पोर्तुगीज व्याकरण १७७८ साली रोममध्ये छापलं. विल्यम केरीचं १८०५ सालचं. या मंडळींना जे रूप ‘पार्टिसिपल’च्या खणात बसलं ते त्यांनी तिथे ठेवलं, आणि जे बसेना ते ‘जेरंड’ किंवा ‘इन्फिनिटिव्ह’च्या खणात टाकलं.

दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली आलं, आणि एका मराठी माणसाने मराठीसाठी मराठीतच परिभाषा घडवायला घेतली. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. हे दामले केशवसुतांचे भाऊ. त्या ग्रंथातला उदाहरणांचा साठा आजही मागे पडलेला नाही. दामल्यांशी भांडणारेही दामल्यांचीच उदाहरणं घेऊन भांडतात. अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडताना संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही साच्यांचं ओझं दाखवून दिलं. कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी दामल्यांचा ग्रंथ पुन्हा संपादून दिला आणि या वादांचा इतिहासही लिहिला.

या सगळ्यातून आपल्या प्रश्नापुरते तीन पक्ष दिसतात. पहिला इतिहासाचा: सगळी ‘त’वाली रूपं शतृचीच पोरं, तेव्हा त्यांना एकाच नावाखाली ठेवा. दुसरा रूपाचा: आजच्या बोलणाऱ्याला शतृ माहीत नाही, -त, -ता, -ताना हे त्याच्यासाठी वेगळे प्रत्यय आहेत, त्यांना वेगळंच धरा. तिसरा वाक्याचा: रूपाचं नाव काय ते सोडा, ते वाक्यात विशेषणाचं काम करतं की क्रियाविशेषणाचं की नामाचं, ते पाहा. शालेय व्याकरणात हे तिन्ही एकाच पानावर नांदतात, आणि बहुधा त्यामुळेच मुलांना धातुसाधितांचा धडा नकोसा होतो.

चालणारं रूप: ‘-ता’

लॅटिनसारखं खरोखर चालतं ते एकच रूप: वाहता, वाहती, वाहतं, आणि सामान्यरूपात तिन्ही लिंगांना ‘वाहत्या’. पण ते कुठल्याही धातूला लावता येत नाही. ‘वाहतं पाणी’ चालतं, ‘उगवता सूर्य’ चालतो, ‘रडता मुलगा’ कानाला खटकतो. ‘बोलता मुलगा’ म्हटलं की तो आत्ता बोलतोय असं कुणी समजत नाही. त्याला बोलता येऊ लागलं आहे, किंवा तो बोलका आहे. ‘लिहिता लेखक’ झोपेतही लिहिता असतो. आत्ता चाललेल्या क्रियेसाठी ‘बोलणारा’ किंवा ‘बोलत असलेला’ लागतो.

म्हणजे लॅटिनने ‘पात्रिअम’ आणि ‘पात्रिए’ यांत केलेला भेद मराठीने प्रत्ययावर सोपवला. चालणारं रूप स्वभाव, स्थिती, ऐपत सांगतं. न चालणारी रूपं घडत्या क्रियेला वाहिलेली आहेत. या ‘-ता’ला कर्म जोडता येत नाही, हाही त्याचाच पुरावा. ‘पुस्तक वाचता मुलगा’ असं मराठी नाही, ‘वाचणारा’च पाहिजे. माझ्या मते या विषयात जे थोडं ठामपणे सांगता येतं, त्यात हे पहिलं.

सातारा-सांगलीच्या व्यवहारात हे रूप भरपूर आहे: दुभती म्हैस, राहतं घर, कमावता मुलगा, फिरता दवाखाना. साखर कारखान्याच्या आणि सहकारी बँकेच्या अहवालात ‘खेळतं भांडवल’ असतंच. यातल्या ‘राहतं घर’पाशी क्षणभर थांबायला हवं. घर राहत नाही, माणूस राहतो. ‘नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडला’ यात वस्त्र नेसत नाही, ते नेसलं जातं. कर्त्यासाठीचं रूप इथे स्थानाला आणि कर्माला लागलं आहे. लॅटिनला कर्मणी वर्तमान धातुसाधित नव्हतंच. मराठीने वेगळं रूप न करता तेच रूप तिकडे ओढलं. पण हे ओढणं किती धातूंपर्यंत जातं, याची शिस्तवार यादी झालेली मला ठाऊक नाही.

हेच रूप नाम म्हणूनही चालतं आणि तेव्हा सगळ्या विभक्ती घेतं. याचे उत्तम नमुने म्हणींत आहेत: बुडत्याला काडीचा आधार, बुडत्याचा पाय खोलात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी. आजच्या बोलण्यात ‘बुडत्याला वाचवलं’ कुणी म्हणणार नाही, ‘बुडणाऱ्याला’ म्हणेल. एकेकाळच्या मोकळ्या रचनेचं हे साठवणीतलं धान्य आहे.

एक गफलत इथेच दूर करावी. ‘घरातला कर्ता पुरुष’ यातला ‘कर्ता’ या कुळातला नव्हे. तो संस्कृत ‘कर्तृ’, दात्याचा आणि वक्त्याचा भाऊ, लॅटिन ‘-तोर’चा, म्हणजे डॉक्टर-ॲक्टरचा, नातलग. ‘करता-सवरता’ मधला ‘करता’ मात्र आपला. उच्चार इतके जवळ आले आहेत की अर्थही एकमेकांत मिसळले.

आणि शब्दयोगी अव्यय होऊन बसलेली दोन रूपं. ‘देशाकरिता’ मधलं ‘करिता’ गोठलं, लिंगवचन विसरलं. ‘पुरता’ मात्र तेच काम करूनही चालतो: कामापुरता मामा, ताकापुरती आजी. ‘पुरणे’चं हे रूप आपला विशेषणपणा सोडायला तयार नाही. व्याकरणाच्या पुस्तकात दोन्ही एकाच यादीत असतात.

न चालणारी: ‘-त’, ‘-ता’, ‘-ताना’

‘गात गात आला’, ‘वाचत बसली’, ‘वाट बघत राहिलो’. हे ‘-त’ कर्म घेतं, विभक्ती घेत नाही, आणि पाणिनीची रीत-लक्षणाची बाजू याने सांभाळली आहे. याबद्दल फारसा वाद नाही.

वाद आहे तो ‘मला गाणी गाता येतात’ या रचनेचा. यातलं ‘गाता’ काय आहे? विशेषण म्हणावं तर ‘गाणी’शी जुळून ते ‘गाती’ व्हायला हवं होतं, ते होत नाही. नाम, म्हणजे ‘गाणं हे काम’, असं धरून त्यालाच कर्ता म्हणावं, तर क्रियापद कायम ‘येतं’ राहायला हवं. पण ते ‘येतात’ होतं, म्हणजे ते ‘गाणी’कडे बघतं. एक पक्ष म्हणतो हे गोठलेलं धातुसाधित, दुसरा म्हणतो इतर भाषांतल्या ‘इन्फिनिटिव्ह’सारखं स्वतंत्र रूप. दोन्ही पक्षांना अर्धाच पुरावा मिळतो. ‘न बोलता’, ‘जाता जाता’, ‘बघता बघता’ यांतला ‘ता’ही त्याच घरचा दिसतो. ‘येताच’ मात्र समकाळ सोडून लगेच नंतरचा काळ सांगतो: साहेब येताच सगळे उभे राहिले.

जुन्या छापील पुस्तकांत इथे एक खूण होती. ‘करतां येईल’, ‘जातां जातां’ असा अनुस्वार लिहीत, आणि त्यामुळे हे रूप ‘वाहता’पासून कागदावर तरी वेगळं पडत असे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, तेव्हा ही खूणही पुसली गेली. उच्चारात नसलेलं लिहू नये हे तत्त्व योग्यच होतं, पण व्याकरणाच्या विद्यार्थ्याला त्या टिंबाची किंमत आता कळते.

‘-ताना’चंही तसंच. ‘जातांना’ लिहीत तेव्हा ते चतुर्थीच्या अनेकवचनासारखं दिसे, ‘मुलांना’ सारखं. ते खरंच ‘जाणाऱ्यांना’ या अर्थाच्या विभक्तीतून आलं आणि मग गोठलं, की ‘जातां’ला पुढे वेगळा ‘ना’ चिकटला, यावर एकमत नाही. विभक्तीतून आलं असं मानलं तर लॅटिनची पंचमी आणि संस्कृतची सतिसप्तमी यांच्या रांगेत ते नीट बसतं. पण ‘मी एकटाच जाताना’ अशा एकवचनी वाक्यांचं काय, हा प्रश्न त्या पक्षाने सोडवलेला नाही. आज ‘-ताना’ विभक्ती म्हणून कुणाशीच जुळत नाही, आणि विट्याहून कोण येत होतं ते म्हणूनच कळत नाही.

‘पाऊस आला असता तर’ मधला ‘असता’ही हाच. चालू क्रियेचं रूप न घडलेल्या गोष्टीकडे कसं गेलं, हे कुणी समाधानकारक उलगडलेलं नाही.

‘-णारा’ मुळात या घरचा नाही. ‘राखणहार’, ‘तारणहार’ यांतल्या ‘-हार’शी त्याचं नातं जोडतात. पण ‘-ता’ने सोडलेली जमीन आता तोच कसतो, शिवाय ‘उद्या येणारा पाहुणा’ म्हणत भविष्यातही जातो.

कृष्णाकाठची रूपं

ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५चा. अलीकडे राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. तरीही या भागातल्या धातुसाधितांचं वेगळं वर्णन व्हायचंच आहे.

प्रमाण मराठीत ‘ती करते’. सातारा-सांगलीच्या खेड्यात ‘ती काय करती?’ आणि बाई स्वतःबद्दल म्हणते ‘मी येती आता’. ही ‘-ती’ म्हणजे धातुसाधिताचं उघडं स्त्रीलिंग, ‘वाहती नदी’तलं. प्रमाण भाषेत ते ‘-ते’मागे लपलं. उलट दक्षिणेला, सांगलीच्या खालच्या अंगाला आणि कोल्हापुरात, बायका ‘मी जातो’ म्हणतात. तिथे प्रथमपुरुषात लिंगभेदच मावळला. म्हणजे थोड्याच अंतरावर एकीकडे जुना विशेषणपणा शाबूत, दुसरीकडे तो संपलेला.

साताऱ्याकडचं ‘करतुया, जातुया’ हेही विचारात घ्यावं असं. जुन्या मराठीत ‘-तु’ अशी पुल्लिंगी रूपं होती, तेव्हा हा ‘उ’ त्यांचाच वारसा म्हणावा का? मोहक कल्पना आहे. पण हीच बोली ‘होतो’ला ‘हुतो’ म्हणते. तिथे ओकाराचा उकार सरसकट होत असेल, तर एका ‘करतु’ला वारसदार ठरवणं घाईचं होईल. ‘येतानी’, ‘जातानी’ या रूपांतला ‘-नी’ मात्र तृतीयेसारखा दिसतो, आणि ‘-ताना’च्या विभक्तीपक्षाला तेवढा दिलासा मिळतो.

मिरज-जतकडे गेलं की धातुसाधितच बाजूला पडतं. ‘काय करतोयस?’च्या जागी ‘काय करायलायस?’ आणि उत्तर ‘जेवायलोय’. हे ‘करायला लागलाय’चं आखडलेलं रूप. शेजारच्या उत्तर कर्नाटकी कानडीत ‘माडाकत्तीनी’ हेही ‘करायला लागलोय’ अशाच घडणीचं, तिथलाही धातू ‘लागणे, चिकटणे’ या अर्थाचा. जत तालुक्यात दोन्ही भाषा एकाच माणसाच्या तोंडी असतात, म्हणून कानडीचा परिणाम सुचतो. पण लातूर-नांदेडकडची मराठीही अशीच बोलते, आणि ‘लागणे’तून चालू काळ घडवायला शेजाऱ्याची गरज असतेच असं नाही. कोण कोणाकडून शिकलं हे ठरवायला जुने लेखी पुरावे हवेत, आणि अशा बोलण्याला कागदावर जागा मिळाली ती फार उशिरा.

मिरजेचा माणूस विट्याच्या मामाची गोष्ट मात्र सरळ सांगतो: ‘मामा विट्याहून यायलावता, तवा बघितलं.’ धातुसाधित गेलं, दोन क्रियापदं आली, आणि कोण येत होतं ते कळलं.